एक किल्ली, पाच माणसं: जपानमधल्या एफटीपीची गोष्ट

 

आजचा विषय जरा रुक्ष वाटेल. वेबसाइटवर फाइली चढवण्यासाठी जो एफटीपीचा पासवर्ड लागतो, तो चार-पाच जणांनी मिळून कसा वापरायचा, हा तो विषय. पण तुमच्या शाळेची, पतपेढीची किंवा गणेश मंडळाची वेबसाइट असेल, तर हा विषय तुमचाच आहे. मी तो जपानच्या इतिहासातून सांगणार आहे. मी इथे तोक्योच्या पूर्वेकडे, निशी-कासाईत राहतो. वायटूकेच्या काळापासून भारतीय संगणकवाल्यांनी गजबजलेला हा भाग. या एवढ्याशा गोष्टीची किंमत इथल्या मोठमोठ्या कंपन्यांना मोजावी लागली, आणि आमच्या लहानशा मंडळालाही.

आधी मंडळाचं सांगतो. २०१० साल. आमची एक वेबसाइट होती. कार्यक्रमांच्या तारखा, फोटो, वर्गणीचा हिशेब, इतकंच त्यावर. जागा एका जपानी कंपनीकडे भाड्याने घेतलेली. तिच्याबरोबर एफटीपीचं एक खातं मिळालं होतं. एक नाव, एक पासवर्ड. समितीत आम्ही पाच जण, आणि पाचही जणांकडे तोच पासवर्ड. एकाने तो ईमेलमध्ये ठेवला होता, एकाने वहीत. मी तो घरच्या लॅपटॉपवर एफटीपीच्या प्रोग्रॅममध्येच साठवला होता, म्हणजे पुन्हा पुन्हा टाइप करायला नको.

फेब्रुवारीत एका काकांचा फोन आला. “अरे, आपली साइट उघडली की लाल पाटी येते. ही साइट धोकादायक आहे म्हणते.” संक्रांतीचे फोटो बघायला गेलेल्या माणसांना ब्राउझर अडवत होता. दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जागेवाल्या कंपनीचं पत्र आलं. आमच्या पानांमध्ये कुणीतरी परक्या मजकुराच्या ओळी घातल्या होत्या, म्हणून खातं बंद केलं होतं.

कुणी केलं? आमच्यातला एक तरुण दोनच महिन्यांपूर्वी हिशेबावरून कुरबूर करून पुण्याला परतला होता. पासवर्ड त्याच्याकडेही होता. पहिला संशय कुणावर गेला असेल, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. ते समजायला आधी थोडा इतिहास हवा.

एफटीपी म्हणजे एका संगणकावरची फाइल दुसऱ्या संगणकावर नेण्याची ठरलेली रीत. तिचा पहिला आराखडा १९७१ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाला आणि तो लिहिणारा माणूस भारतीय होता: अभय भूषण. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचा विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकत होता. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्यावर त्या वेळी जेमतेम पंधराएक ठिकाणं होती. विद्यापीठं आणि संशोधनसंस्था. बहुतेक जण एकमेकांना नावाने ओळखत.

म्हणून एफटीपीत नाव आणि पासवर्ड विचारायची पद्धत आली ती साधीसुधी. आधी आपलं नाव पाठवायचं, मग पासवर्ड पाठवायचा, दोन्ही जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत. मधल्या तारेवर कुणी कान लावून बसलं तर त्याला ते पोस्टकार्डासारखं वाचता येईल. १९८५ साली या रीतीचं जे रूप पक्कं झालं, त्यातही हे तसंच राहिलं.

आता जपानकडे येऊ. १९८४ साली जुन मुराई या तरुण संशोधकाच्या पुढाकाराने केइओ विद्यापीठ आणि तोक्यो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी यांचे संगणक टेलिफोनच्या तारेने जोडले गेले. पाठोपाठ तोक्यो विद्यापीठ आलं. या जाळ्याचं नाव जेयूनेट. सुरुवातीचा वेग सेकंदाला ३०० बिट, म्हणजे साधारण तीस अक्षरं. आज तुम्ही व्हॉट्सअपवर एक एमबीचा फोटो सहज पाठवता, तो त्या तारेवरून जायला नऊ तासांहून जास्त लागले असते. जेयूनेटवर एफटीपी नव्हतं. रात्री-अपरात्री फोन लावून निरोप पुढे ढकलण्याची जुनी पद्धत होती. एफटीपी इथे खऱ्या अर्थाने रुळलं ते १९८८ साली मुराई यांनीच उभ्या केलेल्या वाइड प्रकल्पानंतर, विद्यापीठं कायमच्या तारांनी जोडली गेली तेव्हा.

त्या काळात विद्यापीठांच्या एफटीपी कोठारांत एक सुंदर प्रथा होती. नावाच्या जागी ‘अनॉनिमस’, म्हणजे अनामिक, असं लिहायचं, पासवर्डच्या जागी शिष्टाचार म्हणून आपला ईमेल पत्ता, आणि आत ठेवलेलं सॉफ्टवेअर घेऊन जायचं. मात्र अनामिक पाहुण्याला बहुधा फक्त घेता येई, ठेवता येत नसे. ठेवण्याचा, बदलण्याचा, पुसण्याचा अधिकार नाव असलेल्या माणसाकडेच. वाचण्याचं दार सगळ्यांना उघडं आणि लिहिण्याचं दार ओळखीच्या माणसाला, हा भेद त्या मंडळींना पक्का ठाऊक होता. तो भेद पुढे पुसट होत गेला.

१९९६ साली क्योतो प्रांतातल्या माइझुरु नावाच्या बंदराच्या गावात, तंत्रशाळेत शिकणाऱ्या तानाका कुनिहिरो या विद्यार्थ्याने साकुरा इंटरनेट सुरू केलं. आज ती जपानमधल्या मोठ्या सर्व्हर कंपन्यांपैकी एक आहे. तिच्यासारख्या कंपन्यांनी सर्व्हरमधली जागा महिन्याच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. इथे त्याला रेंटल सर्व्हर म्हणतात. काही शे येनांत कुणालाही जागा मिळू लागली. दुकानदार, शाळा, देवळं, आमच्यासारखी मंडळं, सगळे आले. स्वस्त योजनेबरोबर बहुधा एफटीपीचं एकच खातं येई. घर एका माणसाचं असेल तर एक किल्ली पुरते. संस्थेला पुरत नाही. मग लोकांनी सोपा मार्ग काढला आणि त्याच किल्लीच्या नकला वाटल्या.

याच सुमारास जपानी भाषेत चालणारा एफएफएफटीपी नावाचा मोफत प्रोग्रॅम घरोघरी पोचला. डावीकडे आपला संगणक, उजवीकडे सर्व्हर, मध्ये बाण. जपानमध्ये ज्याने त्या काळात वेबसाइट केली, त्याने बहुधा हाच वापरला. माझ्या लॅपटॉपवरही हाच होता.

एफटीपीच्या पासवर्डला कायद्याच्या नजरेत किती वजन आहे, हेही जपानमध्ये एकदा कोर्टात ठरलं. परवानगीशिवाय संगणकात शिरण्याविरुद्धचा कायदा इथे १९९९ साली संमत झाला आणि १३ फेब्रुवारी २००० पासून लागू झाला. लागू होण्याच्या तोंडावरच, जानेवारीत, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वेबसाइटची पानं कुणीतरी बदलून ठेवली होती.

मग २००३ चं प्रकरण. सॉफ्टवेअरच्या स्वामित्वहक्कांसाठी काम करणारी एसीसीएस नावाची संस्था आहे. तिच्या वेबसाइटवर प्रश्न पाठवण्यासाठी एक फॉर्म होता. एका संशोधकाने दाखवून दिलं की त्या फॉर्मला जरा वेगळं पान मागितलं की, ज्यांनी प्रश्न पाठवले त्यांची नावं-पत्ते असलेली फाइल तो बिनदिक्कत काढून देतो. सुमारे १,२०० लोकांची माहिती. त्याने हे तोक्योतल्या एका संगणक-सुरक्षेच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर मांडलं. २००४ च्या फेब्रुवारीत त्याला अटक झाली.

कोर्टातला वाद आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे. बचाव असा होता की फॉर्मवाल्या दाराला कुलूपच नव्हतं, मग कुलूप तोडलं कसं म्हणता? तोक्यो जिल्हा न्यायालयाने २५ मार्च २००५ ला निकाल दिला. कुलूप दारागणिक नाही, त्या संगणकासाठी बघायचं. या फाइलींपर्यंत जाण्याचा नेहमीचा रस्ता एफटीपीचा, आणि तिथे नाव-पासवर्डाचं कुलूप आहे. ते टाळून दुसऱ्या बाजूने आत जाणं म्हणजे बेकायदा प्रवेशच. आठ महिन्यांची कैद, तीन वर्षांसाठी स्थगित. हा निकाल बरोबर की चूक यावर इथल्या तंत्रज्ञांमध्ये पुष्कळ वाद झाला. आपल्यापुरतं एवढंच घ्या: ज्या पासवर्डच्या आधारावर कोर्टाने एका माणसाला दोषी ठरवलं, तोच पासवर्ड आमच्या मंडळात वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला होता.

आता २००९. वसंतात एक साथ आली. संगणकातली साथ. तिला जगभर गम्ब्लर म्हणत, ज्या पत्त्यावरून ती पसरली त्यावरून. जपानमध्ये लोक तिला आधी जेनो व्हायरस म्हणत, कारण जेनो नावाच्या संगणकविक्रीच्या साइटवर ती पहिल्यांदा ठळकपणे दिसली.

तिची चाल नीट समजून घ्या. तुम्ही रोजची, विश्वासाची एखादी साइट उघडता. त्या पानात कुणीतरी लपवलेल्या चार ओळी असतात. तुमच्या संगणकावरचा अडोबी रीडर किंवा फ्लॅश जुना असेल, तर त्या फटीतून एक प्रोग्रॅम आत शिरतो. तुम्हाला काही कळत नाही. तो गप्प बसून एका गोष्टीची वाट बघतो: तुम्ही एफटीपी कधी वापरता. पासवर्ड उघड्या अक्षरांत जात असल्यामुळे तो टिपायला कष्ट पडत नाहीत. तो परदेशातल्या कुणाकडे तरी पोचतो. ते तुमच्याच नावाने तुमच्या साइटवर येतात, तुमच्या पानांत त्याच चार ओळी घालतात. आता तुमच्या साइटवर येणाऱ्यांना लागण होते. त्यांच्यातही कुणी वेबसाइट सांभाळणारा असतोच, आणि साखळी पुढे चालते.

२००९ चा डिसेंबर आणि २०१० चा जानेवारी या दोन महिन्यांत जपानमध्ये याचा कहर झाला. जेआर ईस्ट ही रेल्वे कंपनी, होंडा, कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकानं असलेली लॉसन, अशा नावांना आपल्या साइटची पानं बदलली गेल्याचं जाहीर करून ग्राहकांची माफी मागावी लागली. जेपीसर्ट, म्हणजे संगणकावरच्या हल्ल्यांची खबर ठेवणारी इथली संस्था, सूचनांवर सूचना काढत होती. त्या सूचनांत एक गोष्ट महत्त्वाची होती. नुसता स्वतःचा संगणक तपासू नका, तुमची साइट सांभाळणाऱ्या बाहेरच्या कंत्राटदारांचेही तपासा. कारण मोठ्या कंपनीची किल्ली तिच्याकडेच असते असं नाही. ती छपाईवाल्याकडे असते, जाहिरातवाल्याकडे असते, त्याच्या मदतनिसाकडे असते.

आणि २०१० च्या सुरुवातीला कळलं की या साथीची नवी जात तारेवर कान लावायचीही वाट बघत नाही. एफटीपीच्या प्रोग्रॅममध्ये साठवून ठेवलेले पासवर्डच ती उचलते. ज्यांना धोका होता अशा प्रोग्रॅमांच्या यादीत एफएफएफटीपी होता. इतरही अनेक नावाजलेले होते. पुढच्या आवृत्तीत मास्टर पासवर्डची सोय आली. २०११ साली मूळ लेखकाने काम थांबवलं आणि स्वयंसेवकांनी तो प्रोग्रॅम पुढे चालवला.

आता आमच्या मंडळाकडे परत येऊ. खातं बंद झालं त्या आठवड्यात मी कंपनीकडून एफटीपीची नोंदवही मागवली. कोण, कधी, कुठून आलं याची यादी. पानं बदलली गेली त्या वेळी आलेले पत्ते जपानमधले नव्हते आणि भारतातलेही नव्हते. तासाभरात तीन वेगवेगळ्या देशांतून कुणीतरी आत आलं होतं. म्हणजे पुण्याला गेलेल्या त्या तरुणाचा यात काहीच हात नव्हता. पण तोवर दोन दिवस गेले होते आणि त्याला फोन झाला होता. फोनवर आमच्यापैकी एकाने विचारलं होतं, “तू काही केलंस का रे?”

मग किल्ली फुटली कुठून? पाचही जणांचे संगणक तपासले. दोघांच्या संगणकांत तो प्रोग्रॅम सापडला. त्यातला एक लॅपटॉप माझा होता. अडोबी रीडर जुना, एफएफएफटीपीत पासवर्ड साठवलेला. मी संगणकाचा सल्लागार, आणि माझ्याच घरात हे. पण माझ्याकडून फुटली की दुसऱ्याकडून, हे आजतागायत ठरलं नाही. ठरणं शक्यच नव्हतं. नोंदवहीत पाचही जणांचं नाव एकच होतं.

जपानमध्ये तोकुगावा राजवटीत गोनिन्गुमी नावाची व्यवस्था होती. पाच-पाच घरांचे गट. एकाने सारा भरला नाही किंवा गुन्हा केला, तर पाचही घरं जबाबदार. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवायची. आम्ही एका पासवर्डाखाली अगदी तेच करून बसलो होतो, आणि तेही कुणी सक्ती केली नसताना. एमबीएला असताना एक वाक्य पाठ केलं होतं: अधिकार दुसऱ्याला देता येतो, जबाबदारी देता येत नाही. पण अधिकार कुणाला दिला त्याची नोंदच नसेल, तर जबाबदारी शेवटी ज्याच्यावर राग असेल त्याच्यावर जाऊन बसते.

मी त्या तरुणाला फोन केला. माफी मागितली. माझ्या लॅपटॉपचंही सांगितलं. तो म्हणाला, “असू दे दादा, झालं ते झालं.” पण तो नंतर मंडळाच्या कुठल्याच कामात आला नाही. साइट आठवड्यात परत उभी राहिली, माणूस मात्र परत आला नाही.

त्यानंतर आम्ही जे केलं ते तुम्हीही करू शकता, म्हणून नीट सांगतो.

आधी संगणक स्वच्छ केले, मगच पासवर्ड बदलला. उलट केलं तर नवा पासवर्डही चोरीला जातो.

मग थोडे जास्त पैसे भरून अनेक एफटीपी खाती देणारी योजना घेतली. तुमच्या होस्टिंगच्या नियंत्रण पानावर ‘एफटीपी अकाउंट्स’ असा भाग असतो. तिथे प्रत्येक माणसासाठी वेगळं खातं उघडा, त्याच्या नावाचं. खातं उघडताना कुठला फोल्डर दाखवायचा ते विचारतात. ती चौकट न बघता पुढे जाऊ नका. फोटो चढवणाऱ्याला फोटोंचाच फोल्डर द्या. हिशेब ठेवणाऱ्याला हिशेबाचा. संपूर्ण साइट बदलण्याचा अधिकार एकाकडे किंवा फार तर दोघांकडे. मूळ खात्याचा पासवर्ड कुणालाही रोजच्या वापराला देऊ नका.

तिसरं, साधं एफटीपी बंद. त्याच रीतीला कुलूपबंद पाकिटात घालणारं एफटीपीएस असतं, आणि वेगळ्या वाटेने जाणारं एसएफटीपी. दोन्हीत पासवर्ड उघडा जात नाही. एसएफटीपी ज्या एसएसएचवर चालतं, ते १९९५ साली फिनलंडमध्ये जन्मलं, तेही एका विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्डांची चोरी झाल्यानंतर. बऱ्याच होस्टिंगवर जादा खात्यांना एफटीपीएसच मिळतं आणि एसएफटीपी मूळ खात्यापुरतं असतं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, एफटीपीएस वापरा.

चौथं, ज्याने समिती सोडली त्याचं खातं त्याच दिवशी बंद. तो चांगला की वाईट याचा इथे संबंध नाही. उद्या काही बिघडलं तर त्याच्याकडे बोट जाऊ नये, यासाठी. शाळेतून बदली होणारे गुरुजी कपाटाच्या किल्ल्या मोजून परत देतात आणि सही घेतात ना, तसंच.

आणि पाचवं, साइटची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आमची साइट आठवड्यात उभी राहिली ती एका काकूंनी सगळे फोटो पेन ड्राइव्हवर जपून ठेवले होते म्हणून.

एफटीपीचा काळ आता सरत आला आहे. २०२१ साली क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी त्याला निरोप दिला. पण तुमच्या भाड्याच्या सर्व्हरवर ते अजून चालू असेल, आणि ते गेलं तरी प्रश्न जात नाही. आज मंडळाचं यूट्यूब, फेसबुक, बँकेचं ॲप, सगळीकडे तोच एक पासवर्ड पाच जणांत फिरतोय.

तेव्हा पुढच्या समितीच्या बैठकीत चहा येईपर्यंत एक काम करा. आपल्या वेबसाइटचा पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, त्यांची नावं एका कागदावर लिहा. सोडून गेलेल्यांचीही. यादी पूर्ण करता आली नाही, तर किल्ल्या बदलायची वेळ आली आहे असं समजा. आणि बदलताना जुन्या सहकाऱ्याला फोन करून सांगा की तुझं खातं बंद करतोय, तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तुझ्यावर उद्या आळ येऊ नये म्हणून. तो फोन आम्ही वेळेवर केला नाही. तुम्ही करा.